सेन्सर इंजिनाचा नाही, ईसीयूचा: इंजिन बदलणाऱ्या वाचकांच्या शंका

यावेळी इंजिन बदलण्याबद्दलचीच पत्रं जास्त आली आणि बहुतेकांची तक्रार एकच, इंजिन बसलं, माउंटिंग जुळलं, सेल्फ मारला की फिरतंयपण, पण गाडी काही मनासारखी चालत नाही. म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच देतोय. त्यात ईसीयू सारखा येईल, तो म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सेन्सरचं ऐकून पेट्रोल किती आणि स्पार्क कधी ते तोच ठरवतो.

प्रश्न, कोल्हापूरहून: माझी १९९८ ची जिप्सी किंग आहे, कार्बोरेटरवाली. इंजिन ऑइल खायला लागलं म्हणून कुर्ल्याच्या मार्केटमधून एस्टीमचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन आणलं. वायरिंग आणि ईसीयू त्याच्यासोबत नव्हते, ते दुसऱ्या दुकानातून घेतले. दोनतीन सेन्सर तुटलेले होते ते मिस्त्रींनी आटे जुळणारे बघून बसवले. थंड असताना गाडी बरी चालते, गरम झाली की काळा धूर, पेट्रोलचा वास, पिकअप नाही आणि रेडिएटरचा फॅन तर कधी चालूच होत नाही. मिस्त्री म्हणतात ईसीयू गेलाय, दुसरा घ्या. घेऊ का?

उत्तर: ईसीयू अजिबात घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "आटे जुळणारे बघून बसवले" तिथेच घोळ झालाय. सेन्सर इंजिनात बसतो म्हणून आपण तो इंजिनाचा पार्ट धरतो, पण खरं तर तो ईसीयूचा असतो. इंजिनाला काय, भोक बंद झालं आणि पाणी गळलं नाही की पुरे, त्या सेन्सरची भाषा कळायला पाहिजे ती ईसीयूला. म्हणून इंजिन बदलताना आधी ईसीयू कुठला ठेवायचा ते ठरवायचं आणि मग त्या ईसीयूच्या पार्ट नंबरप्रमाणे सेन्सर घ्यायचे, आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

आता तुमचा टेम्परेचर सेन्सर बघू. कूलंटचा सेन्सर म्हणजे आत एक थर्मिस्टर असतो, पाणी तापलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. ईसीयू आतून एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो, सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते वाचतो आणि आपल्या मेमरीतल्या टेबलात बघून ठरवतो की पाणी इतके अंश गरम आहे. ते टेबल कंपनीत भरलेलं असतं, तुम्ही कुठला सेन्सर लावला हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. या काळातल्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर २० अंशाला साधारण दोन ते अडीच किलोओहम आणि ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास दाखवतात. पण बाजारात त्याच तापमानाला वेगळे ओहम दाखवणारे सेन्सरही मिळतात, २५ अंशाला १० किलोओहमवाले, आणि आटे अगदी तेच. असा सेन्सर ८५ अंशाला साधारण १२०० ओहम दाखवतो आणि तुमच्या ईसीयूच्या टेबलात १२०० ओहम म्हणजे चाळीसेक अंश! म्हणजे इंजिन पूर्ण तापलंय आणि ईसीयू समजतोय की अजून वॉर्मअप चाललाय, मग तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, त्यातून काळा धूर, आणि या सेटमध्ये फॅनचा रिले ईसीयूच चालवत असेल तर फॅन कशाला लावेल तो, त्याच्या मते पाणी कोमट आहे. थंड असताना चूक कळत नाही कारण तेव्हा पेट्रोल जास्तच लागतं. धुरापेक्षा फॅनची काळजी आधी करा, घाटात अशी गाडी चढवली तर हेड गॅस्केट जाईल, तोपर्यंत फॅनला एक साधा स्विच लावून तो हाताने चालू ठेवा.

तपासायचं कसं, तर सेन्सर काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याचं टोक आधी बर्फाच्या पाण्यात धरा, मग साध्या पाण्यात, मग चहाच्या पातेल्यात तापवलेल्या पाण्यात, शेजारी थर्मामीटर धरून. तिन्ही आकडे लिहून ठेवा. बर्फाच्या पाण्यात पाच सहा किलोओहम आले तर सेन्सर बरोबर जातीचा आहे, तीस किलोओहमच्या आसपास आले तर तो दुसऱ्या जातीचा, फेकून द्या असं नाही पण तुमच्या ईसीयूला चालणार नाही. स्कॅनर असेल तर अजून सोपं, सकाळी थंड गाडीला चावी ऑन करून कूलंटचं आणि हवेचं तापमान बघा, रात्रभर उभी गाडी आहे म्हटल्यावर दोन्ही जवळजवळ सारखे हवेत.

यात अजून एक गोष्ट नेहमी चुकते. दोन वायरचा सेन्सर ईसीयूचा आणि एका वायरचा जो असतो तो डॅशबोर्डवरच्या काट्याचा, त्याला आपण सेंडर म्हणू. सेंडर ईसीयूचा नाही, मीटरचा असतो. तुमच्या जिप्सीचा मीटर जुनाच आहे ना, मग सेंडर जिप्सीचाच ठेवायचा, एस्टीमचा नाही, नाहीतर काटा भलतंच दाखवेल. ऑइलच्या लाइटच्या स्विचचंही तसंच, तो जुन्या गाडीचाच आणा.

टेम्परेचरचं झालं की थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे पॅडल किती दाबलंय ते सांगणारा, तो बघा, पॅडल सोडलेलं असताना सिग्नलच्या वायरवर साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर चारच्या वर, आणि मधे हळूहळू दाबताना आकडा कुठेही उडी न मारता चढला पाहिजे. काही जुन्या थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागात) असा सेन्सर नसतो, पॅडल सोडलंय एवढंच सांगणारा आयडलचा स्विच असतो, तसली बॉडी बसवली असेल तर ईसीयूला पॅडल किती दाबलंय तेच कळत नाही.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर युनिव्हर्सल, म्हणजे कप्लरशिवाय सुट्या वायरींचा, लावलाय का ते विचारा, कारण त्याच्या वायरींच्या रंगात मोठा धोका आहे. बॉश आणि एनटीके पद्धतीत दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी अर्थची. डेन्सो पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. म्हणजे एकीकडे जी काळी वायर सिग्नलची तीच दुसरीकडे हीटरची, आणि रंगाला रंग जोडत गेलात तर हीटरचे १२ व्होल्ट सरळ ईसीयूच्या सिग्नल पिनवर जातात. असं झालं तर मात्र ईसीयू खरंच जाईल. सगळं बरोबर असेल तर गरम इंजिनावर या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मधे सारखा वरखाली होत राहतो, तुमचा आत्ता ०.९ ला, म्हणजे पेट्रोल जास्तच्या बाजूला, चिकटून बसलेला असणार, आणि टेम्परेचर सेन्सर बदलल्यावर तो हलायला लागला की समजा गाडी मार्गावर आली.

शेवटी पेट्रोलचं. कार्बोरेटरच्या गाडीत पंपाचं प्रेशर पाव किलोच्या आसपास असतं, एमपीएफआयला अडीच ते तीन किलो लागतं. तुम्ही पंप बदललाच असणार नाहीतर गाडी सुरूच झाली नसती, पण पाइप आणि क्लिपा जुन्याच असतील तर त्या आजच बदला, जुना रबर पाइप तीन किलोला फुटला आणि खाली गरम एक्झॉस्ट असला तर गाडी पेटते. उरलेलं पेट्रोल परत नेणारी रिटर्न लाइनही टाकीपर्यंत स्वतंत्र गेली पाहिजे, मधेच कुठे जोडून चालत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं, जिप्सीत इंजिन उभं (गाडीच्या लांबीत) बसतं आणि एस्टीममध्ये आडवं, त्यामुळे वायरिंगच्या लांब्या जुळत नाहीत आणि मिस्त्री ठिकठिकाणी तुकडे जोडतात. तुमचंही तसंच झालं असेल तर प्रत्येक जोड उघडून बघा, मोठं कंटाळवाणं काम आहे खरं पण एकदाच करावं लागतं.

प्रश्न, नाशिकहून: सर, मी आयटीआयला मोटर मेकॅनिक करतोय. आमच्या वर्कशॉपमध्ये एका इंजिनाला दोन वायरचा क्रँक सेन्सर होता आणि ईसीयूच्या वायरिंगला तीन पिनचा कप्लर (वायरी जोडायचं सॉकेट). दोन वायरी जोडून तिसरी सोडली तर चालेल का? आणि फ्लायव्हीलचे दात कमीजास्त असले तर काय होतं?

उत्तर: बहुतेक वेळा नाही चालणार, आणि का नाही ते नीट समजून घे कारण इंजिन बदलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बाकीचे सेन्सर चुकले तर गाडी वाईट चालते, क्रँक सेन्सर इंजिन कुठे आणि किती वेगाने फिरतंय ते ईसीयूला सांगतो, तो चुकला तर सुरूच होत नाही.

दोन वायरवाला बहुतेक वेळा व्हेरिएबल रिलक्टन्स जातीचा असतो, म्हणजे आत चुंबक आणि त्यावर तारेचं वेटोळं. फिरणाऱ्या चकतीचा दात समोरून गेला की तो स्वतःच करंट तयार करतो, त्याला सप्लाय लागत नाही आणि सिग्नल एसी असतो, शून्याच्या वर आणि खाली जाणारा. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका व्होल्टेज वाढतो. तीनवाला बहुतेक वेळा हॉल जातीचा, त्याला ५ किंवा १२ व्होल्टचा सप्लाय लागतो, एक अर्थ आणि एक सिग्नल, आणि सिग्नल चौकोनी असतो, एकतर पूर्ण नाहीतर शून्य. ईसीयूच्या आत या दोघांसाठी सर्किटच वेगळी असतात त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्याला कळत नाही. आणि तीन पिन दिसल्या की लगेच हॉल धरू नकोस, काही दोन वायरवाल्यांना तिसरी पिन शील्डची (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या जाळीची) असते. म्हणून आधी ईसीयूच्या बाजूने कप्लर उघडून चावी ऑन करून बघायचं की कुठल्या पिनवर ५ किंवा १२ व्होल्ट येतायत का. दोन वायरवाल्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, काहीशे ओहम ते किलोओहमभर येतो आणि सेल्फ मारताना एसीवर अर्धा एक व्होल्ट तरी दिसला पाहिजे. हॉल सेन्सरवर मात्र ओहम मोजत बसू नकोस, त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर खराब होऊ शकतो.

दोन वायरवाल्यातल्या वायरी उलट जोडल्या तर गाडी कधीकधी सुरू होते आणि त्यामुळेच चूक लवकर सापडत नाही. ईसीयू सिग्नल शून्यातून खाली जातानाचा क्षण पकडतो, तो दाताच्या बरोबर मध्यावर असतो. वायरी उलटल्या की पकडला जाणारा क्षण दोन दातांच्या मधल्या खाचेत जातो, टायमिंग सरकतं आणि जिथे दात गाळलेले आहेत तिथे तर ईसीयूचा पूर्ण गोंधळ होतो. आरपीएम वाढवला की गाडी मिस मारते आणि लोक प्लग, कॉइल, वायरी बदलत बसतात.

आता दातांचं. बऱ्याच युरोपियन पद्धतीच्या गाड्यांत ६० दातांची चकती असते आणि त्यातले दोन गाळलेले, म्हणजे एक दात ६ अंशाला. दुसरी एक पद्धत ३६ दातांची, एक गाळलेला, म्हणजे एक दात १० अंशाला. ती गाळलेली जागा म्हणजेच ईसीयूची खूण, तिच्यापुढे कितव्या दाताला पहिला पिस्टन वर येतो ते त्याच्या प्रोग्रामात लिहिलेलं असतं. ६० वाल्या ईसीयूसमोर ३६ ची चकती फिरवली तर त्याला खूण सापडतच नाही, मग स्पार्क नाही, इंजेक्टर उघडत नाहीत आणि स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतो. म्हणून चकती फ्लायव्हीलवर असेल तर फ्लायव्हील आणि पुलीवर असेल तर पुली, जी असेल ती ईसीयूच्या सेटमधलीच यायला हवी. दातांची संख्या मोजलीस तरी पुरत नाही, दोन चकत्यांची संख्या सारखी आणि गाळलेल्या दाताची जागा वेगळी असं होतं, तेव्हा पहिला पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर) आणून सेन्सरसमोर कुठला दात येतो तेही मोजून बघ. सेन्सर आणि दात यांच्यात साधारण मिलिमीटरभर गॅप असतो, लेथवर पुली घासून घेतली असेल तर तो वाढलेला असतो.

वर्कशॉपमध्ये ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर दोन्ही जातीचे सिग्नल एकदा स्वतः बघून घे, पुस्तकातल्या चित्रापेक्षा शंभर पटीने कळतं.

प्रश्न, नागपूरहून: माझ्या स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक फुटला. अपघातातल्या एका नव्या डिझायरचं इंजिन मिळतंय, दोन्ही १२०० सीसी आणि दोन्ही के १२ च आहेत असं दुकानदार म्हणतो. ईसीयू माझाच ठेवू की त्याचा आणू?

उत्तर: आधी इंजिनाचं पूर्ण नाव विचारा, नुसतं के १२ पुरेसं नाही. जुन्या स्विफ्ट आणि डिझायरला के १२ बी किंवा के १२ एम आहे, त्याला चार इंजेक्टर. २०२० मध्ये डिझायरला आणि २०२१ मध्ये स्विफ्टला आलं ते के १२ एन, ड्युअल जेट, त्याला एका सिलेंडरला दोन असे आठ इंजेक्टर आणि वर थंड केलेल्या ईजीआरची (जळालेला वायू परत इंजिनात सोडण्याची) वेगळी व्यवस्था. तुमचा जुना ईसीयू ते इंजिन चालवूच शकत नाही. नाव अगदी तंतोतंत तेच असेल तरच घ्या, आणि मग ईसीयू, वायरिंग, सेन्सर, चावी सगळं तुमच्या गाडीचंच राहू द्या, फक्त लांब ब्लॉक (हेडसकट नुसतं इंजिन) बदला. त्या इंजिनावरचे सेन्सर चांगले दिसले तरी तुमचे चालू असलेले सेन्सरच काढून त्यात बसवा.

दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणला तर इमोबिलायझर आडवा येतो. चावीत एक चिप असते, चावीच्या लॉकभोवतीची रिंग ती वाचते आणि ईसीयूत नोंदलेल्या कोडशी जुळली तरच पेट्रोल सुटतं. न जुळलं तर सेल्फ फिरतो, कधी क्षणभर गाडी सुरू होऊन बंदही पडते आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो. ईसीयू आणायचाच झाला तर त्याच्याबरोबर त्या गाडीची चावी आणि इमोबिलायझरचा डबा असा पूर्ण सेट मागा, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कागदपत्रं दाखवून कोडिंग करून घ्यावं लागेल.

आणि नव्या गाड्यांत ईसीयू एकटा बोलत नाही, एबीएस, मीटर, बॉडी कंट्रोल सगळे कॅन नावाच्या जाळ्याच्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलत असतात. इंजिन बसवल्यावर एबीएसचा, स्टीअरिंगचा, इंजिनाचा असे सगळे दिवे एकदम लागले तर एकेक सेन्सर बदलत बसू नका, बॅटरी काढा आणि स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर कुठेतरी एक टोक तुटलंय किंवा एखादा डबा जोडायचा राहिलाय, शून्याच्या जवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

प्रश्न, लातूरहून: आमच्या कॉमन रेल डिझेल गाडीचं इंजिन बदललं, इंजेक्टर मात्र जुने चांगले होते ते नव्या इंजिनात टाकले. आता गाडी खडखड करते, आयडल एकसारखं राहत नाही, धूर येतो. ट्रॅक्टरचे इंजेक्टर आम्ही कित्येकदा बदललेत, असं कधी झालं नाही.

उत्तर: ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाला कॉम्प्युटर नाही, तिथे इंजेक्टरचं प्रेशर बघितलं की काम होतं. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी मोठ्या प्रेशरची एकच नळी, तिथे इंजेक्टर ईसीयू उघडतो, म्हणून प्रत्येक इंजेक्टर कंपनीत तपासून त्याच्या डोक्यावर अक्षर आकड्यांचा एक कोड कोरतात, हा इंजेक्टर ठराविक वेळ उघडला तर ठरलेल्या मापापेक्षा किती कमीजास्त डिझेल सोडतो त्याचा तो हिशोब असतो. तो कोड सिलेंडरप्रमाणे ईसीयूत भरावा लागतो. तुम्ही इंजेक्टर काढताना कुठला कुठल्या सिलेंडरचा होता त्या खुणा केल्या नसतील आणि ते उलटसुलट बसले असतील तर ईसीयू एकाची दुरुस्ती दुसऱ्याला करतोय. इंजेक्टर बाहेर न काढता डोक्यावरची घाण पुसून कोड वाचा, फोटो काढा, पहिल्या सिलेंडरपासून लिहा आणि चांगल्या स्कॅनरवाल्याकडून भरून घ्या. स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवर हे होत नाही, तो फक्त फॉल्ट वाचतो.

तेवढ्याने फरक पडला नाही तर रेल प्रेशर सेन्सर बघा, तो कुठल्या रेलवरून आलाय ते. एक सेन्सर १५०० बारच्या मापाचा आणि दुसरा १८०० चा, कप्लर दोन्हीला तोच बसतो पण तेवढ्याच व्होल्टला दोघांचा बार वेगळा, मग ईसीयू प्रेशर चुकीचं धरतो.

कृपा करून एक ऐका, गाडी चालू असताना जुन्या सवयीने इंजेक्टरचा पाइप ढिला करून कुठला सिलेंडर चालत नाही ते बघू नका. हजार बारच्या वरची धार कातडीतून आत जाते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं, त्यात बोटं गेलेली माणसं आहेत. असं कुणाला झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या.

प्रश्न, पुण्याहून: जुन्या गाडीत नवीन इंजिन टाकतोय. सेन्सर जुळवत बसण्यापेक्षा प्रोग्राम करता येणारा ईसीयू लावला तर सगळी कटकट जाईल ना?

उत्तर: जुळवायचं काम जात नाही, ते फक्त तुमच्याकडे येतं. असे दोन ईसीयू आहेत, मेगास्क्वर्ट २००१ पासून आहे, स्पीडुइनो अर्डुइनो या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर चालतो, दोन्ही चांगले आहेत आणि शिकायला तर मला फार आवडतात कारण कंपनीच्या ईसीयूत जे टेबल बंद असतं ते इथे उघडं दिसतं. वर कोल्हापूरच्या वाचकांना तीन तापमानांचे ओहम मोजायला सांगितलेत ना, तेच तीन आकडे इथे सॉफ्टवेअरमध्ये भरले की कुठलाही थर्मिस्टर चालतो. चकतीचे दात, गाळलेले दात, पहिल्या दाताचा कोन, हे सगळंही भरता येतं.

पण इंजेक्टरचा रेझिस्टन्स बघून घ्या. १२ ते १६ ओहमचे असतील तर सरळ जोडता येतात, २-३ ओहमवाले सरळ जोडले तर करंट इतका जातो की ईसीयूतला ड्रायव्हर (इंजेक्टर चालवणारं सर्किट) जळतो, त्यांना वेगळा ड्रायव्हर किंवा रेझिस्टर लागतो. इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सरही बघा, साध्या इंजिनाला १ बारचा पुरतो, टर्बो असेल तर १ बारच्या पुढे तो आंधळा होतो आणि बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळतात. ट्यूनिंगला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर पाहिजेच, साधा सेन्सर हवा आणि पेट्रोलच्या १४.७ ला एक या प्रमाणाच्या इकडे की तिकडे एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. आणि रोजच्या वापराची गाडी असेल तर माझं स्पष्ट मत आहे, कंपनीचा पूर्ण सेट शोधा. कंपनीने तो ईसीयू थंडीत, उन्हात, डोंगरावर महिनोन्महिने चालवून बसवलेला असतो, ते आपण एका रविवारात करू शकत नाही.

प्रश्न, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून: मी मूळचा सांगलीचा. माझ्याकडे १९९८ ची होंडा सिव्हिक आहे, तिच्यात १९९४ च्या गाडीचं इंजिन आणि ईसीयू स्वस्तात मिळतोय. स्मॉगला (इथल्या धूर तपासणीला) पास होईल का?

उत्तर: नाही होणार. तुमच्याकडे नियम असा आहे की इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यापेक्षा नवीन हवं, जुनं चालत नाही, आणि ते इंजिन ज्या गाडीतून आलं तिची धूर नियंत्रणाची सगळी सामग्री सोबत आली पाहिजे. शिवाय १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी दोन (गाडीने स्वतःचे फॉल्ट तपासून सांगायची पद्धत) सक्तीचं आहे, १९९४ चा ईसीयू ते बोलतच नाही, कॅटच्या (एक्झॉस्टमधल्या धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) पुढचा आणि मागचा असे दोन ऑक्सिजन सेन्सरही तो ओळखत नाही. १९९८ किंवा नंतरचं इंजिन त्याच्या ईसीयू, कॅट आणि सेन्सरसकट घ्या, मग स्मॉग रेफरीकडे जा, त्यांनी तपासून स्टिकर लावलं की पुढच्या वेळी साध्या स्टेशनला अडचण येत नाही. जाण्याआधी काही दिवस गाडी नीट चालवा, बॅटरी काढल्यावर ओबीडीचे मॉनिटर (स्वतःच्या तपासणीच्या नोंदी) कोरे झालेले असतात आणि ते पूर्ण व्हायला वेळ लागतो.

प्रश्न, ठाण्याहून: इंजिन बदललं तर आरटीओला सांगावंच लागतं का? मिस्त्री म्हणतात कुणी बघत नाही.

उत्तर: सांगावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्यायचा असतो. त्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन असेल तर फारसा त्रास नसतो. कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय किंवा पेट्रोलच्या जागी डिझेल असं काही असेल तर मात्र इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत जाऊन विचारा, कारण कंपनीने दिलेल्या माहितीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय आणि परवानगी नाकारली जाऊ शकते. कोल्हापूरकरांनीही हे वाचावं.

इंजिन घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर आणि ते कुठल्या गाडीतून निघालं तो नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर तुम्ही अडकाल, दुकानदार नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा. रीपासिंगला नंबर जुळला नाही तर गाडी तिथेच अडते.

प्रश्न, रत्नागिरीहून: वायरिंग लांबवताना सोल्डर करावं की क्रिंप? आणि इथल्या खाऱ्या हवेत काय काळजी घ्यावी?

उत्तर: इंजिन हलतं त्या भागात चांगल्या पक्कडने केलेलं क्रिंप (धातूची नळी दाबून केलेला जोड) आणि वर डिंकवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), सोल्डर केलेली वायर सोल्डर संपतो तिथे हलून हलून तुटते. नुसती पिळून टेप लावलेली वायर कोकणात एक पावसाळाही टिकत नाही, आतून हिरवी पडते. क्रँक सेन्सरची शील्डवाली वायर लांबवताना शील्डवालीच वापरा आणि तिची जाळी फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ करा, दोन्हीकडे नको.

अर्थ तर तुमच्याकडे सगळ्यात आधी बघा. सेन्सरची अर्थ ईसीयूच्या पिनवरच परत गेली पाहिजे, जवळ दिसला म्हणून बॉडीच्या बोल्टला लावायची नाही, नाहीतर सेल्फ मारला किंवा फॅन चालू झाला की सगळे सेन्सर एकदम भलतं सांगायला लागतात. इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड पट्टी टाका, बोल्टखालचा रंग आणि गंज घासून काढा, घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावा. मग गाडी चालू करून हेडलाइट आणि फॅन लावून मल्टिमीटरची एक वायर इंजिनाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर बोल्ट परत उघडा.